बावीस मिलिमीटर

सदर भागातल्या आमच्या क्लिनिकमध्ये सकाळी पोहोचले की मी सगळ्यांत आधी फ्रिजचं तापमान बघत असे. चार अंश. ते वहीत लिहायचं, मग पर्स ठेवायची, मग चहा. फ्रिज घरातल्यासारखाच होता. फक्त त्यात दूध-भाजी नसायची. काचेच्या लहान बाटल्या असायच्या आणि त्या बाटल्यांत माणसांच्या बरगड्यांचे तुकडे.

हे वाचायला भयंकर वाटेल, पण तसं काही नव्हतं. डॉक्टर केयूर नाकाच्या शस्त्रक्रिया करत. बसकं नाक उचलायचं, मोडलेलं सरळ करायचं. त्यासाठी अनेक ठिकाणी सिलिकॉनची पट्टी घालतात. डॉक्टर घालत नसत. पेशंटच्याच बरगडीच्या टोकाची कूर्चा, म्हणजे कानाच्या वरच्या भागात हाताला लागतं तसलं लवचीक हाड, थोडंसं काढून घेत, त्यालाच आकार देत आणि नाकात बसवत. "सिलिकॉन म्हणजे पाहुणा," ते प्रत्येकाला सांगत. "कधी उठून जाईल नेम नाही. हे घरचं माणूस आहे."

ताजी कूर्चा कापली की हळूहळू वाकते. ती कुठे आणि किती वाकणार हे कळावं म्हणून अर्धा तास सलाइनच्या वाटीत ठेवतात. तो अर्धा तास माझा. मी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. केलं आहे; या कामाला तेवढं शिक्षण लागत नाही, पण डॉक्टरांना मोजून काम करणारं माणूस हवं होतं. कॅलिपरने लांबी, रुंदी, जाडी घ्यायची, लिहायची. उरलेला तुकडा आम्ही टाकून देत नसू. औषध घातलेल्या सलाइनमध्ये, पेशंटच्या नंबरचं लेबल लावून, तीन-साडेतीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवायचा. सूज उतरल्यावर कुठे खळगा दिसलाच तर तो कामी येई.

सात वर्षांत माझ्या हातून एकही चूक झाली नव्हती. मला त्याचा अभिमान होता. तो मी कुणाला दाखवत नाही, याचाही होता.

पायल सप्टेंबरमध्ये आली. सव्वीस वर्षांची, बेसाला राहणारी, एका शाळेत गणित शिकवणारी. लहानपणी झोक्यावरून पडून नाकाचा दांडा बसला होता. फेब्रुवारीत तिचं लग्न ठरलं होतं, साहिल नावाच्या मुलाशी. मी तिचे आधीचे फोटो काढत होते, समोरून, दोन्ही बाजूंनी, खालून. खालून काढताना मी कॅमेरा घेऊन अगदी जवळ वाकले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मॅडम, माह्याच अंगातलं टाकतील ना पण? दुसऱ्या कोणाचं काही नाही ना? मले ना, दुसऱ्याच्या बाटलीतलं पाणीसुद्धा चालत नाही."

"तुमचंच," मी म्हणाले. "मी स्वतः बघते ते."

त्याच आठवड्यात तिची शस्त्रक्रिया झाली आणि बायजाबाईंचीही. बायजाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या, जुन्या महाल भागात एकट्या राहणाऱ्या, घरातच मसाला कांडपाचं यंत्र. यंत्राचा पट्टा तुटून तोंडावर बसला होता आणि नाक मधोमध खचलं होतं. टेबलावर घेईपर्यंत त्या बोलत होत्या. "लोक म्हणते, आता या वयात नाक करून कोणाले दाखवतं? म्या म्हणलं, गिऱ्हाईक पह्यले माह्याकडे पाह्यते, मंग मसाल्याकडे. असं तोंड पाहून कोण तिखट नेईन बाप्पा?" सुमतीताई, आमच्या मोठ्या सिस्टर, हसता हसता त्यांची नस शोधत होत्या.

पायलचा उरलेला तुकडा सतरा मिलिमीटर. बायजाबाईंचा बावीस. दोन्ही माझ्या अक्षरात.

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रक्रिया नसत. सुमतीताई सगळं घासून-पुसून काढत आणि टेबलावर लाल कापड घालून हत्यारं मांडत. सुऱ्या, चिमटे, कात्र्या, हाड कोरायची पटाशी. प्रत्येकावर हळद-कुंकवाचं बोट, वर झेंडूच्या पाकळ्या. हत्यारं वाफवायच्या ऑटोक्लेव्हला हार, फ्रिजला हार. मांडलेलं हत्यार दसरा उजाडेपर्यंत उचलायचं नाही, हा त्यांचा नियम, आणि डॉक्टरही तो पाळत.

आमच्या घरी पूजा नसते. माझे बाबा, प्रेमानंद, पाच वर्षांचे असताना आजोबांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीवर गेले होते, छप्पन साली. क्लिनिकमध्ये याबद्दल कुणी कधी काही बोललं नव्हतं. सुमतीताई दर वर्षी मला आठवणीने प्रसाद देत, मी दर वर्षी घेत असे. कुणी काही बोलत नव्हतं म्हणूनच मी जपून वागत असे.

फ्रिज पुसायचा म्हणून मी बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या. सहा बाटल्या होत्या. वीस-पंचवीस मिनिटं गेली असतील. परत ठेवायला घेतल्या तेव्हा दोन लेबलं, पायलचं आणि बायजाबाईंचं, सुटून बर्फाच्या पाण्यात तरंगत होती.

नंबर दोन, बाटल्या दोन. झाकण उघडून लांबी मोजायची, एवढंच काम होतं. पण कॅलिपर लाल कापडावर होता. त्याच्या जबड्यावर कुंकू होतं. स्टीलची पट्टी बघितली, तर सुमतीताईंनी तीसुद्धा मांडली होती.

"काय पाहिजे वं, सोनिका?" त्या नारळाची शेंडी सोलत म्हणाल्या.

मी हात पुढे केला नव्हता, पण करणार होते. मी मागितला असता तर त्यांनी दिला असता. एखाद्या वेळी तोंड थोडं उतरलं असतं. मला ते तोंड बघायचं नव्हतं. हिला काय त्याचं, असं त्यांच्या मनात येईल आणि त्या ते बोलणार नाहीत, हे मला नको होतं.

"काही नाही," मी म्हणाले.

मग मी नजरेने ठरवलं. वय वाढलं की कूर्चा पिवळट होते, तरुणपणी ती दुधासारखी असते. एक तुकडा पांढरा होता, एक पिवळसर. दोन्ही एकाच जाडीचे, लांबी काचेतून फसवी दिसत होती. पांढरा पायलचा, पिवळा बायजाबाईंचा. मी लेबलं पुसून पुन्हा चिकटवली, वर चिकटपट्टी लावली. फार तर दोन मिनिटं लागली.

दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर दीक्षाभूमीच्या गर्दीतून चालताना ते म्हणाले, "चेहरा काहून उतरला तुझा?" मी म्हणाले, ऊन लागलं.

दसऱ्यानंतरच्या शुक्रवारी पायलच्या नाकाच्या टोकाशी उजवीकडे दिसणारा लहान खळगा भरायचा होता. मी बाटली दिली. डॉक्टरांनी तुकडा तासून बारीक केला, बसवला, दोन टाके घातले. पंचवीस मिनिटांचं काम.

शनिवारी कॅलिपर माझ्या हातात आला. त्याच्या खाचेत अजून कुंकू होतं, ते मी स्पिरिटने पुसलं. मग दुसरी बाटली उघडली आणि पिवळसर तुकडा मोजला.

सतरा.

पुन्हा मोजला. पाच वेळा मोजला. शास्त्रात एखादं माप पाच वेळा सारखं आलं की ते मानावं लागतं.

मी डॉक्टरांना सांगू शकले असते. ते शेजारच्या खोलीत होते, दार उघडं होतं. त्याऐवजी मी बायजाबाईंचे रक्ताचे जुने रिपोर्ट काढून पाहिले. कावीळ नाही, एचआयव्ही नाही. मला हायसं वाटलं. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. शरीराचे पहारेकरी तिथपर्यंत सहसा पोहोचत नाहीत, त्यामुळे दुसऱ्याची कूर्चा असली तरी ते बोंब मारत नाहीत. म्हणजे कुणाला कळणार नव्हतं. माझ्या शिक्षणाचा मी तेवढाच उपयोग केला. सतरा मिलिमीटरचा तुकडा जाळायच्या पिवळ्या पिशवीत टाकला आणि बायजाबाईंच्या नंबरापुढे लिहिलं: मुदत संपली, नष्ट केला. खाली सही केली.

नोव्हेंबरात पायल फोटोसाठी आली. नाक सुरेख झालं होतं. मी तिच्यासमोर वाकले, आणि ती म्हणाली, "मॅडम, एक विचारू? मले वास येते."

"कसला?"

"मसाल्याचा. भाजल्यासारखा. आमच्या घरी एवढं तिखट कोणी खात नाही. आईले विचारलं तर ती म्हणते, कुठं वास आहे."

नाकाच्या शस्त्रक्रियेनंतर असं होतं. वासाची जाणीव नाकाच्या छतातल्या पेशींना होते, तिथून तार थेट मेंदूत जाते. सूज, जखम, घाबरणं, कशानेही ती खोटे निरोप देते. कूर्चेला वास येत नाही. ती नुसता तंबूचा बांबू असते. डॉक्टरांनी तिला हेच सांगितलं, महिनाभर थांबा म्हणाले.

डिसेंबरात ती एकटीच आली. डोळ्यांखाली काळं झालं होतं. "जेवणच जात नाही मॅडम. वरण-भात तोंडात घालते आणि नाकात मिरची. वर्गात फळ्यापुढे खोकून राहिली काल. पोरं हसते."

"दिवसभर येतो?"

"नाही ना. सकाळी जास्त येते. शनिवारी तर येतच नाही."

शनिवार म्हटल्यावर मी तिच्याकडे पाहिलं. खोटा वास वार बघत नाही. मी तिला सांगितलं, वेळा लिहून ठेवत जा. असं सांगताना माझा आवाज नेहमीसारखाच होता.

आठ दिवसांनी तिने यादी पाठवली. गणिताची बाई, नीट रकाने पाडलेले. साडेदहा, धणे. अकरा वीस, मिरची. पावणेबारा, एक काळपट, शेवाळासारखा वास, तो काय आहे माहीत नाही. चारनंतर काही नाही, नुसता धुळीचा. संध्याकाळी उदबत्ती.

मी रजा टाकून महालात गेले. बडकस चौकातून आत वळलं की गल्ली एवढी अरुंद होते की दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागतं. मसाल्याचा तिखट धूर कोपऱ्यावरच घशात बसला. बायजाबाईंनी मला पाहून कढईवरचा झारा खाली ठेवला.

"या वं बाई, या! पाहा, तुमच्या नाकानं धंदा वाढला माहा."

नाक सरळ होतं, वण जवळजवळ गेला होता. मी स्टुलावर बसले. त्यांनी साडेदहाला धणे भाजले. अकरा अठराला मिरच्या कढईत पडल्या. पावणेबाराला त्यांनी पिशवीतून वाळक्या शेवाळासारख्या काळ्या पापड्या काढल्या.

"दगडफूल," त्या म्हणाल्या. "सावजी मसाल्यात हेच तर असते."

"शनिवारी बंद असतं?"

"शनवारी बाजूच्या मंदिरात तेल वाहाले गर्दी असते, मशीन लावू देत नाही. काहून?"

मी म्हणाले, सहज.

परत येताना मी स्वतःशी वाद घातला. मसाला सगळीकडे सकाळीच भाजतात. महालात शनिवारी बंद असणारी अशी दहा दुकानं असतील. बेसात वारा कुठून येतो, कोण जाणे. निरीक्षण पुरेसं नसतं, प्रयोग करावा लागतो. हे मी शिकले होते, म्हणून मी प्रयोग केला. त्या वेळी मला त्याची लाज वाटली नाही. ती नंतर वाटली.

कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीकडून मी एका रसायनाची लहान कुपी आणली. पिकल्या केळ्यासारखा वास असतो त्याचा, गोळ्या-चॉकलेटात घालतात. गुरुवारी दुपारी बायजाबाईंकडे गेले. कढई थंड होती. चार वाजून दहा मिनिटांनी कापसाचा बोळा त्यांच्या नाकाशी धरला. नाकाची तपासणी आहे, असं सांगितलं.

"केळं हाय वं बाई हे," त्यांनी नाक मुरडलं. "पण खोटं केळं."

मी त्यांचे आभार मानून गल्लीत आले. फोन वाजला. पायलचा मेसेज होता, चार बाराचा.

'मॅडम आता केळ्याचा वास. गोळीतल्या केळ्यासारखा, खोटा.'

मी तिथेच उभी होते. एका स्कूटरवाल्याने हॉर्न दिला. मी भिंतीला चिकटले. तेवढ्यात दुसरा मेसेज आला.

'आणि त्याच्यामागे तुमचा वास आला. तुम्ही फोटो काढताना वाकता तेव्हा येते तो. स्पिरिट आणि तुमचं साबण. तुम्ही कुठं आहात?'

मी फोन पर्समध्ये टाकला.

घरी जाऊन मी आंघोळ केली. दुसऱ्या दिवशी साबण बदलला. हे मी केलं, म्हणून लिहिते आहे.

त्यानंतर पायलने मला काही विचारलं नाही. यादी येत राहिली, रोज, रकाने पाडून. जानेवारीत तीन दिवस ती कोरी आली. खाली लिहिलं होतं, नाक पूर्ण बंद, सर्दी नाही, ताप नाही, तोंडाने श्वास घेते आहे. मी बायजाबाईंना फोन केला. त्या पलीकडून शिंकल्या. "पडसं झालं वं, तीन दिवस झाले. नाक चोंदून गेलं पुरं."

मग तिच्या आईचा फोन आला, क्लिनिकच्या नंबरवर. मीच उचलला. "मॅडम, पोराकडचे म्हणून राहिले, पोरगी डोक्यानं बराबर नाही. साहिल चांगला आहे बिचारा, पण त्याच्या आईनं ऐकलं ना कुठून तरी. मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं, मनाच्या डॉक्टरकडे नेलं. गोळ्या घेऊन झोपूनच राहते. तुमच्या डॉक्टरसाहेबांले म्हणा, काहीतरी लिहून द्या. की बाई, नाकाचं आहे हे. वेड नाही."

मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी प्रामाणिकपणे तपासलं होतं आणि त्यांना काही सापडलं नव्हतं. त्यांनी तोंडी सांगितलं, मी टाइप केलं: शस्त्रक्रियेतील कूर्चा रुग्णाची स्वतःचीच असून नाकात कोणताही दोष आढळत नाही. त्यांनी सही केली. मी पाकीट बंद केलं. माझ्या एका वाक्याने ती मुलगी शहाणी ठरली असती. ते वाक्य मी घशात धरून होते आणि बोटांनी दुसरंच लिहीत होते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात लग्न मोडलं.

ते मला सुमतीताईंकडून कळलं. त्या हळहळल्या. "एवढं छान नाक करून काय फायदा वं?" असं म्हणाल्या आणि हातमोजे मोजायला लागल्या.

मी त्या दिवशी अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली आणि बेसाला गेले. रस्ताभर वाक्य जुळवत होते. बाटल्या मी बदलल्या. नजरेने ठरवलं. कळल्यावर लपवलं. तीन वाक्यं, तिन्हीत कर्ता मी.

पायलच्या आईने दार उघडलं. त्यांना मी कशाला आले हे विचारायचंही त्राण नव्हतं. "नाही ना घरी. शाळा सोडली तिनं. रोज सकाळी जाते महालात, संध्याकाळी येते. कोण्या मसालेवाल्या बाईकडे जाते म्हणते. मी म्हटलं, ज्या वासानं जीव गेला तुझा, तिथंच जाऊन काहून बसतं? तर म्हणते, तिथं बरं वाटते."

तीन वाजता मी त्या गल्लीत होते.

यंत्र बंद होतं. पायल कढईपुढे पाटावर बसली होती, ओढणी कंबरेला खोचलेली. हाताला तिखट लागलं होतं. तिने वर पाहिलं आणि तिला नवल वाटलं नाही.

"साबण बदललं तुम्ही," ती म्हणाली.

बायजाबाई पलंगावर होत्या. दीड महिन्यात त्या खूप थकल्या होत्या, पाय सुजले होते. पण तोंड तसंच. "पाहा ना, कुठली कोण पोरगी, एक दिवस दारात येऊन उभी राह्यली. मी आतमध्ये येऊ का, म्हणे. तवापासून सोडतच नाही मले. दवाखान्यात नेलं, छातीचा फोटो काढला. मीठ बंद करून टाकलं वं माह्यं! मसालेवालीचं मीठ बंद!"

"झोपा आता मावशी," पायल म्हणाली. "गोळी घेतली ना."

"पोटच्या पोरीनं नसतं केलं एवढं," बायजाबाई मला म्हणाल्या आणि भिंतीकडे कूस वळवली. थोड्या वेळाने घोरणं सुरू झालं.

मी पायलसमोर जमिनीवर बसले. तीन वाक्यं सांगितली. ती जुळवली होती तशी आली नाहीत. कर्ता दोनदा गळाला, तो मी पुन्हा घातला.

ती ऐकत होती. एका चपट्या डब्यात गोळ्या लावत होती, सकाळ, दुपार, रात्र, सात वार.

"माहीत आहे," ती म्हणाली. "केळ्याच्या दिवशीच कळलं. तुम्ही कोणाच्या तरी नाकापुढे वाकल्या होत्या. जानेवारीत गोळ्या सोडल्या, मंग वासामागं वासामागं आली मी. दोन दिवस लागले फक्त."

"तुम्ही कुणाला बोलला नाहीत."

"तुम्ही तरी कुठं बोलल्या?"

मी खाली पाहिलं. फरशीच्या भेगांत वर्षानुवर्षांचं तिखट बसलं होतं.

"डॉक्टरांना आजच सांगते," मी म्हणाले. "तो तुकडा काढता येईल. लहान काम आहे. तुमच्या घरी, साहिलच्या घरी, मी स्वतः जाऊन सांगते."

"काढून कुठं ठेवाल? बाटलीत?"

"डॉक्टर ठरवतील," मी जरा मोठ्याने म्हणाले.

"हळू बोला, झोप लागली त्यांले," ती म्हणाली. मग समजावल्यासारखं, "घरी दोन दोन वास येत होते मॅडम. आईच्या हातचा एक आणि हा एक. त्यानं डोकं फिरायचं. इथं एकच येते. यांच्या नाकापुढे जे असते, तेच माह्याही पुढे असते. इथं शांत वाटते."

"पण आयुष्यभर तुम्ही इथे..."

"माह्या आयुष्याचं नका बोलू," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "यांच्या हार्टचं काय म्हणते ते सांगा. रिपोर्ट समजते ना तुम्हाले? वाचा."

तिने फाइल पुढे केली. मी वाचली. मला समजत होतं. हृदय जेवढं रक्त पुढे ढकलायला हवं, त्याच्या निम्म्याहून कमी ढकलत होतं. मी फाइल मिटली.

"आधी फक्त वास येत होता," पायल म्हणाली. "मंग नाक बंद व्हायचं, त्यांचं झालं की. आता त्या जिना चढल्या की मले..."

ती थांबली.

मला वाटलं, ती शब्द शोधते आहे.

पलंगावरचं घोरणंही थांबलं होतं. झोपेत पुष्कळांचा श्वास असा थांबतो. त्याला नाव आहे, आणि ते मला येतं.

पायलच्या चिमटीत बुधवारची गोळी होती. ओठ किंचित उघडे. छाती हलत नव्हती. ती पलंगाकडे बघत नव्हती. माझ्याकडेही नाही.

मी तिचा खांदा धरला. तो कापत नव्हता. नुसता थांबलेला होता.

भिंतीवर घड्याळ होतं. मी पाहिलं. मला दुसरं काही येत नाही.

सहा. सात. आठ.

चिमटीतली गोळी तशीच होती.

नऊ. दहा.

अकराव्या सेकंदाला बायजाबाईंनी मोठ्याने श्वास आत ओढला, कूस बदलली, आणि पायलची छाती वर आली.

तिने गोळी बुधवारच्या खणात टाकली. खण बंद केला.

"अकरा ना?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"काल आठ होते," ती म्हणाली, आणि गुरुवारचा खण उघडला.